दोन पावलांवरचं झाड

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलं. वसाहतीत त्यांना सगळे दोनपावले म्हणत. नवीन माणसाला ते आडनावच वाटायचं. एकदा एका नव्या कारकुनाने त्यांच्या पाकिटावर ‘श्री. दोनपावले’ असं लिहून पाठवलं, तर यांनी सही करून ते घेतलंही. बायको म्हणाली, “बरं झालं, मला सांगा म्हणजे मीही तेच लावीन.”

कारखान्यात ते माळी होते. कामगारांची वसाहत उभी राहिली तेव्हा त्या माळरानावर औषधालाही झाड नव्हतं. एकेचाळीस घरं, तीन ओळी, खाली चिकणमाती. उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकवायची सोय नव्हती. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी यायचं. लोकांनी हौसेने अंगणात रोपं लावली, पण प्यायचं पाणी झाडाला घालायचं कोणाच्या जिवावर येत नाही? दोन उन्हाळ्यांत सगळी रोपं वाळून गेली.

मग दोनपावल्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीतून मोरीचा पाईप बाहेर येतो आणि तिथली जमीन दिवसभर ओली असते. आंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं, सगळं पाणी तिथेच मुरतं. पाणी झाडाकडे नेता येत नसेल तर झाडाने पाण्याकडे यावं, असा साधा हिशोब त्यांनी केला. मोरीशेजारी भिंतीला टाच लावायची, दोन पावलं पुढे टाकायची आणि तिथे खड्डा घ्यायचा. रोप शिरीषाचं, कारण तो भराभर वाढतो. मोरीच्या पाण्यावर शिरीष असा फोफावला की वर्षात खिडकीच्या वर आणि चौथ्या वर्षी छपरावर. एकेचाळीस लावले, एकेचाळीस जगले. “एकही मेलं नाही” हे वाक्य ते पुढे आयुष्यभर बोलत राहिले. समोरच्याने काहीही विषय काढला तरी ते वळणं घेत घेत तिथे येऊन पोहोचायचे.

आता तुम्ही म्हणाल, माळी होता ना हा माणूस, शिरीष केवढा होतो ते त्याला माहीत नव्हतं? होतं की. कारखान्याच्या फाटकाशीच एक जुना शिरीष होता, त्याच्या सावलीत चार मालट्रक सहज उभे राहायचे. रोज त्याच्या खालून जात होते हे गृहस्थ. पण दोन वर्षं रोपं मेलेली बघितल्यावर माणसाला जगलेलं रोप दिसतं, वीस वर्षांनंतरचं झाड दिसत नाही. आणि लोकांनाही कुठे हवी होती वीस वर्षांनंतरची अक्कल? त्यांना त्या उन्हाळ्यात सावली पाहिजे होती.

पहिलं झाड ताईंच्या घरी लागलं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. हे चार वर्षांचे असताना आई गेली. तेव्हापासून न्हाऊ घालण्यापासून फटके देण्यापर्यंत सगळं ताईने केलं. लग्न होऊन आली तीही यांना बोटाला धरून. मेव्हण्यांनीच पुढे कारखान्यात चिकटवलं. ताईने काही सांगितलं आणि यांनी नाही म्हटलं असं कधी झालं नाही. तशी वेळ आलीच नाही म्हणा, किंवा येऊ दिली नाही.

ताईचं घर ओळीत कोपऱ्यातलं. अंगण सगळ्यात लहान, मागे कुंपणाची भिंत आणि तिला लागून बोळ. ताई म्हणाली, “माझ्या खिडकीसमोर लाव. पडल्या पडल्या दिसलं पाहिजे.” यांनी टाच भिंतीला लावली आणि दोन पावलं टाकली.

पुढची वीस वर्षं सुखाची गेली, उगाच खोटं कशाला बोला. वसाहतीवर असं हिरवं छत झालं की बाहेरचे लोक बघायला यायचे. ताईच्या झाडाखाली ओळीतल्या बायका भाजी निवडायला जमायच्या. शिरीषाच्या चिकट शेंगा चपलांना लागून घरभर व्हायच्या आणि प्रत्येक घरात त्यावरून रोज एक भांडण व्हायचं. मेव्हणे गेले ते त्याच झाडाखाली खुर्ची टाकून बसले असताना. त्यानंतर ताईने आपली खाट खिडकीला लावून घेतली आणि संध्याकाळी पानं मिटली की म्हणायची, “झोपलं हो आमचं झाड.”

मग मोऱ्या तुंबायला लागल्या.

नळकाम करणाऱ्याने एका घराचा पाईप उघडला, तर आतून मुळांचा झुपका निघाला, ओल्या वेणीसारखा, हातभर लांब. दोनपावले म्हणाले, पाईपच कच्चे घातले होते. दुसऱ्या घरात फरशी उचलली गेली. दोनपावले म्हणाले, खालची भर नीट ठोकून बसवली नव्हती. तिसऱ्या घराच्या भिंतीला भेग गेली, तर म्हणाले, बांधताना वाळूत माती होती. प्रत्येक वेळी त्यांच्याकडे उत्तर तयार. एखाद्याने झाड तोडलंच तर त्या दिवशी हे जेवायचे नाहीत. बायको ताट सरकवून म्हणायची, “झाड तोडलंय, तुमचा हात नाही तोडला. जेवा.”

पण पाणी कुठे मुरतंय हे त्यांना कळत होतं. कळत होतं म्हणूनच तर एवढा आवाज चढायचा.

निवृत्तीनंतर पाचव्या वर्षी ताईच्या भिंतीला भेग गेली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, तिरकी, खाली खाटेपर्यंत आलेली. ताईचा मुलगा कारखान्यात पंप दुरुस्त करायचा. चाळिशी ओलांडलेला, हळू बोलणारा, मामाला मान देणारा. त्याने मामाला हाताला धरून भेगेपाशी नेलं आणि आपली करंगळी तिच्यात घालून दाखवली.

“मामा, गेल्या महिन्यात फक्त नख जात होतं.”

त्याने गवंड्यालाही बोलावलं होतं. हा गवंडी वसाहतीचा जुना माणूस. निम्म्या घरांची डागडुजी त्याच्याच हातची, आणि त्याच्या तोंडून गरजेपेक्षा एक शब्द जास्त निघायचा नाही. तो बाहेर गेला, पायाशी उकिडवा बसला, बोटाने माती उकरली आणि आत येऊन म्हणाला, “पाया एका बाजूने बसतोय. झाड काढा. मग भिंतीचं बघू.”

“पंचवीस वर्षं उभं आहे ते झाड,” दोनपावले म्हणाले. “एवढ्या वर्षांत भिंतीला काही झालं नाही, आणि आता बरं झालं?”

“आता झालं, हे दिसतंय ना.”

“जुनी भेग असेल. घराच्या वयाची. वाढत नसेल.”

ताई खाटेवर बसून दोघांकडे बघत होती. ती म्हणाली, “माझी खिडकी उघडी पडेल रे. उन्हाळ्यात भाजून निघेन मी इथे.” एवढं मामाला पुरे झालं.

गवंड्याने वाद घातला नाही. पिशवीतून खिडकीच्या तावदानाची बोटभर रुंद पट्टी काढली आणि भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा दाबला. काचेच्या कोपऱ्यात रंगाने त्या दिवसाची तारीख घातली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “भिंत थांबली असेल तर काच राहील. भिंत चालत असेल तर काच तुटेल. महिनाभर राहिली तर माझं म्हणणं मी मागे घेतो. तुटली तर त्याच दिवशी ताईंची खाट पुढच्या खोलीत न्यायची आणि दुसऱ्या दिवशी झाड.”

हे सगळ्यांना पटलं. भाचा पहाटे कामाला जायचा, त्याची बायको दोन पोरांच्या मागे. दोनपावले मात्र रोज सकाळी नऊला ताईकडे चहाला येणार म्हणजे येणारच. भाचा म्हणाला, “मामा, काच तुमच्याकडे. तुम्ही बघत जा.” आणि निर्धास्त झाला.

दोनपावले तसे स्वस्थ बसणारे नव्हते. झाड न काढता भिंत वाचवायची म्हणून त्यांनी भिंत आणि झाड यांच्यामध्ये चर खणला. तीन दिवस एकट्याने खणला, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि भिंतीकडे गेलेली मांडीएवढी मुळं कुऱ्हाडीने तोडली. गवंड्याने बजावलं होतं, पायाशी खणाल तर लगेच भरा आणि ठोकून भरा. पण तिसऱ्या दिवशी यांची कंबर धरली. कशीबशी माती आत ढकलली आणि घरी जाऊन आडवे झाले. ठोकायचं राहिलं ते राहिलंच.

अकराव्या सकाळी काच तुटलेली होती.

बारीक रेघ, केसासारखी, बरोबर मध्यातून. लांबून काही दिसत नव्हतं. जवळ जाऊन बोट फिरवलं तेव्हा बोटाला कडा लागली. ताई भिंतीकडे पाठ करून झोपली होती, निदान डोळे तरी मिटलेले होते. दोनपावले तिथे किती वेळ उभे होते कोण जाणे. चहा गार झाला होता.

त्यांना भीती वाटली, आणि ती भिंतीची नव्हती. हे सांगायला लाज वाटते, पण सांगायला पाहिजे. त्यांना भीती एकेचाळीस झाडांची वाटली. हे पहिलं झाड चुकीचं ठरलं तर नळवाला खरा, गवंडी खरा, ज्यांनी ज्यांनी रागाने झाडं तोडली ते सगळे खरे. मग आपण उभ्या जन्मात काय केलं? एकेचाळीस घरांच्या पायाला पाणी दाखवलं, एवढंच? ज्या माणसाजवळ अभिमानाची एकच गोष्ट असते तो तिच्यासाठी काय करेल याचा नेम नसतो.

ते घरी गेले. पोटमाळ्यावर एक फुटकी तसबीर पडून होती, तिची काच काढून दगडावर मोडली आणि बरी निघाली ती पट्टी घेतली. वाटीत मूठभर सिमेंट कालवलं. ताईकडे येऊन जुनी काच खरवडून काढली आणि नवी बसवली. हे सगळं करायला त्यांना पंधरा मिनिटंही लागली नाहीत. कोपऱ्यात तारीख घालायची होती. रंग नव्हता म्हणून राहिली, की तेवढं करायला हात धजला नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पाण्याने बोटं धुऊन वळले, तर ताई त्यांच्याकडे बघत होती.

“काच बरी आहे ना रे?”

“बरी आहे ताई.”

“मग झालं,” ताई म्हणाली, आणि पुन्हा कुशीवर वळली.

तुटलेली काच खिशात घालून ते घरी आले. मनाशी म्हणाले, मुळं आता तोडलीच आहेत, भिंत आपोआप थांबेल. नवी काच तुटली तर मात्र त्याच क्षणी सांगायचं. असं ठरवलं की जिवाला बरं वाटतं. कोणालाही वाटतं.

नवी काच तुटली नाही. ओल्या सिमेंटवर घाईने बसवलेली आणि वर पाण्याचा हातही न फिरवलेली काच तुटत नाही, सिमेंट तिला घट्ट धरत नाही आणि भेग रुंदावली तर ती नुसती सरकते. हे गवंड्याला माहीत असतं. माळ्याला नव्हतं. रोज सकाळी ती अखंड काच बघून दोनपावल्यांची छाती थोडी थोडी भरत गेली, आणि नव्या काचेच्या आठव्या दिवशी त्यांनी भाच्याला म्हणूनही टाकलं, “बघ, काही नाही. तुमचा गवंडी उगाच घाबरवतो.”

नवव्या आणि दहाव्या दिवशी पाऊस लागून राहिला. अकराव्या दिवशी दुपारी वारा सुटला.

झाड पडलं नाही. पडलं असतं तर बोळात पडलं असतं, अर्धी फांदी कुंपणावर गेली असती, लोक हळहळले असते आणि विषय संपला असता. चरातली भुसभुशीत माती पाण्याने गाळ झाली होती, भिंतीकडची मुळं तोडलेली होती, तेव्हा झाड त्या बाजूला नुसतं कललं आणि भिंतीला टेकलं. भिंतीला तेवढं पुरलं. ती आत आली.

ओळीतली एक बाई पदर न सावरता धावत यांच्याकडे आली तेव्हा दोनपावले जेवून पान उचलत होते. तिने नुसता हात दाखवला. हे अनवाणी धावले. घराच्या मागच्या बाजूला भिंतीच्या जागी पानं होती. ऐन दुपारी आभाळ भरून आल्याने सगळी मिटलेली. त्या पानांत हात घालून भाचा विटा बाहेर फेकत होता, गवंडी त्याच्या शेजारी होता. ताईचा चेहरा, खांदे, दोन्ही हात, सगळं शाबूत होतं. गुडघ्यांपासून पुढे मात्र विटाच होत्या. ती ओरडत नव्हती. दोनपावल्यांना बघून म्हणाली, “तू नको रे उचलूस, तुझी कंबर.”

डावा पाय वाचला. उजवा गुडघ्याखालून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी राडारोडा उपसताना भाच्याला ती काच सापडली. एका टोकाला सिमेंट चिकटलेलं, आणि काच अखंड. त्याने ती गवंड्यापुढे धरली. हळू बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज बोळापर्यंत गेला.

“ही तुमची काच. अजून शाबूत आहे. आणि भिंत कुठे आहे?”

गवंड्याने काच हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. “माझ्या काचेवर मी तारीख घालतो,” तो म्हणाला.

“पावसात गेली असेल.”

“तेलरंग होता.”

“मग काय, भिंतीनेच खाल्ली?”

गवंड्याने मान वर करून दोनपावल्यांकडे पाहिलं. दोनपावले वाकून विटा रचत होते, चांगल्या एका बाजूला, फुटक्या एका बाजूला. त्यांनी मान वर केली नाही. गवंड्याने काच खाली ठेवली आणि पिशवी उचलून निघून गेला. भावाने बहिणीच्या उशाशी असं केलं असेल हे तोंडातून काढायचं तरी कसं? आणि काढलं तर विश्वास कोण ठेवणार? त्यानंतर वसाहतीतल्या कोणी त्याला काम दिलं नाही. जो माणूस महिनाभर काच बघा म्हणाला आणि ज्याची काच खोटी ठरली, त्याच्या हातात भिंत कोण देईल? भिंतही नव्या गवंड्याने बांधली.

आणि दोनपावले झाडं काढायला लागले.

आधी ताईचं काढलं. मग शेजारचं, मग ओळीतली एकेक. कारखान्याच्या बागेतले दोन गडी सोबत घेतले, पण दोर बांधायला वर स्वतःच चढायचे. फांद्या वरून खाली, मग खोड तुकड्या-तुकड्यांनी, शेवटी बुंध्याभोवती खणून मुळं. कोणी कुरकुर केली तर म्हणायचे, “मी लावलं होतं, मीच सांगतोय. काढा.” सात महिन्यांत उरलेली छत्तीसच्या छत्तीस झाडं गेली. वसाहत पुन्हा पहिल्यासारखी उघडी झाली. त्यांच्या बदली नवी रोपं लावली तीही त्यांनीच, पण नव्या मापाने. मोठ्या झाडाला भिंतीपासून वीस पावलं. एवढं अंगण कोणाकडेच नव्हतं, म्हणून शिरीष गेले रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत, एका रांगेत, आणि घरांजवळ आली कण्हेर आणि तगर, डोक्याच्या वर न जाणारी. मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डे खणले, तेही घरापासून लांब. पोरं त्यांना वीसपावले म्हणायला लागली.

लोक म्हणायचे, बहिणीचं झालं ते वाईट झालं, पण माणूस बघा कसा सुधारला. चूक कबूल करायला मोठं मन लागतं. हे कोणी तोंडावर बोललं की दोनपावले कुऱ्हाडीला धार लावायला घ्यायचे, धार असली तरी. एकदा बायको म्हणाली, “लोक चांगलं बोलतात तर तुम्ही असं तोंड का करता?” सगळ्यांच्या झाडांबद्दल ते कबूल झाले होते. एका बोटभर काचेबद्दल नव्हते. तुटलेली काच अजून त्यांच्या जुन्या सदऱ्याच्या खिशात होती. तो सदरा ते धुवायला टाकत नव्हते, आणि बायकोने दोनदा मागूनही दिला नव्हता.

रस्त्यात एकदा गवंडी समोरून आला. हातात पिशवी नव्हती. दुपारच्या वेळी गवंड्याच्या हातात पिशवी नसणं म्हणजे काय ते दोनपावल्यांना कळत होतं. दोघांनी एकमेकांना “बरं आहे ना?” विचारलं आणि दोघेही बरं आहे म्हणाले.

ताईची जखम भरून आली, कुबड्यांची सवय झाली. सकाळी नऊच्या चहाला हे पुन्हा जायला लागले होते. आता ती खिडकी उघडी होती. समोर कुंपणाची भिंत, तिच्यावर ऊन, आणि मध्ये बुंध्याच्या जागचा खड्डा, भरूनही थोडा खचलेला. एके सकाळी ताई खाटेवर बसून बराच वेळ तिकडे बघत राहिली आणि म्हणाली, “सगळ्यांना लावून दिलीस. मला नाही काही?”

“कण्हेर लावतो ना ताई.”

“कण्हेरीची सावली खिडकीत येते का? झाड लाव.”

ते बाहेर गेले. नव्या भिंतीला टाच लावली आणि पावलं टाकली. पाचव्या पावलाला खड्डा मागे पडला आणि सातव्याला नाक कुंपणाला लागलं. मग पलीकडच्या कोपऱ्यातून मोजलं, तिरकं मोजलं. आठ. कुठूनही मोजलं तरी आठाच्या वर जाईना. म्हाताऱ्या माणसाने एवढ्याशा अंगणात असं इकडून तिकडे चालणं कोणाला हसू आणेल, पण त्यांनी पुन्हा एकदा भिंतीला टाच लावून मोजलं. इथे झाडाला जागा नव्हती. आज नव्हती असं नाही, कधीच नव्हती. ताईने खिडकीसमोर लाव म्हटलं त्या दिवशीही हे अंगण एवढंच होतं.

ते खिडकीशी आले. गजांच्या आत ताई, बाहेर हे.

“नाही ताई. झाड नाही बसत इथे.”

असं ते तिला जन्मात पहिल्यांदा म्हणत होते. ताईने मान हलवली.

“हे तेव्हा सांगायचं होतंस.”

“लावताना ना? माहीत आहे मला.”

“लावताना तर होतंच,” ताई म्हणाली. “पण तेव्हा तू माझं ऐकलंस, हट्ट माझा होता. तू काच बदललीस त्या दिवसाबद्दल बोलतेय मी.”

दोनपावल्यांनी खिडकीचा गज धरला.

“आदल्या दुपारीच वाजली होती ती,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, चहात साखर कमी आहे म्हणाली असती तसाच होता. “टक् करून. मी जागीच होते. म्हटलं, सकाळी येईल तेव्हा सांगेल. तू आलास, बघितलंस, गेलास, वाटी घेऊन आलास. खरवडलंस तेही ऐकलं सगळं. मग मी तुला विचारलं.”

“ताई, तू तेव्हाच का नाही...”

“विचारलं ना मी. तू बरी आहे म्हणालास.” “मलाही झाड हवं होतं, नाही असं नाही. माझा पाय माझ्यापाशी राहू दे, त्याचं मी तुला काही म्हणत नाही. पण मला वाटलं होतं, सगळ्या जगाशी खोटं बोललास तरी माझ्याशी बोलणार नाहीस.”

दोनपावले खिडकीबाहेर शिक्षा केलेल्या पोरासारखे उभे राहिले, आणि ताईने त्यांना तसंच उभं राहू दिलं.

मग ती म्हणाली, “आणि त्या गवंड्याचं काय करणार आहेस? घरी बसलाय तो सात महिने.”

त्यांनी गज सोडला. घरी जाऊन तो जुना सदरा अंगात घातला, खिशाला वरून हात लावून बघितला. बायकोने विचारलं कुठे निघालात, तर आलोच म्हणाले. भाच्याची त्या दिवशी सुट्टी होती. तो दारात सायकलची साखळी साफ करत बसला होता. मामाला पुन्हा आलेलं बघून त्याने मान वर केली.

“काय मामा, आत्ताच तर गेला होतात. परत कुठे निघालात?”

“गवंड्याकडे.”

भाच्याचा चेहरा आखडला. “त्याच्याकडे कशाला?”

दोनपावले पायरीशी थांबले. हात सदऱ्याच्या खिशावर तसाच होता.

“हात पूस आणि चल माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “तुम्हा दोघांनाही सांगायचंय. दोनदा सांगायला नाही जमायचं मला.”